अल्पाकाचे जंत डीएनएवरून ओळखतात म्हणे. मग आमच्या शेळ्यांच्या रिपोर्टवर नुसतं ‘स्ट्राँगाईल’ का?

तुम्ही कागलकडचे, तीस शेळ्या, आणि लेंड्यांच्या रिपोर्टवर ‘स्ट्राँगाईल प्रकारची अंडी’ एवढंच लिहून आलंय. मी कोल्हापुरात प्रयोगशाळेत हेच काम करतो, म्हणून सांगतो: लिहिणाऱ्यानं आळस केलेला नाही. स्ट्राँगाईल म्हणजे आतड्या-पोटातल्या जंतांचा एक मोठा गट, आणि त्यातल्या बऱ्याच जंतांची अंडी खरंच सारखी दिसतात. नेमॅटोडायरसचं अंडं मोठं, व्हिपवर्मच्या अंड्याला दोन्ही टोकांना बूच, ती चटकन कळतात. हिमोंकस, ट्रायकोस्ट्राँगिलस, इसोफॅगोस्टोमम या जंतांच्या अंड्यांपुढं मात्र मीही हात टेकलेत.

आणि फरक तर मोठा आहे. ट्रायकोस्ट्राँगिलस हगवण लावतो. हिमोंकस चौथ्या पोटात बसून रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली. हजार जंत म्हणजे रोज ५० मिली. लेंडी घट्टच राहते, म्हणून मालक निर्धास्त असतो. मग जबड्याखाली पाणी उतरतं आणि शेळी बसते ती उठत नाही.

अल्पाका हे उंटाच्या कुळातलं, पेरूच्या डोंगरातलं जनावर. त्याचे स्वतःचे जंत वेगळे, लॅमानेमासारखे. पण मेंढरांबरोबर चरला की आपला हिमोंकसही त्याला धरतो. त्यामुळं अंडं कोणाचं हा घोळ तिकडंही आहेच. (अख्खा कळप ठरल्या जागीच लेंड्या टाकतो. नमुने गोळा करत बांधाबांधानं फिरणाऱ्या माझ्यासारख्याला हेवा वाटतो.)

डीएनए तपासणीत अंडी मिठाच्या दाट पाण्यावर तरंगवून काढतात, फोडून डीएनए घेतात, त्यातला आयटीएस-२ हा तुकडा पीसीआरनं (डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीनं) वाढवतात आणि वाचतात. हा तुकडा जातीजातीत वेगळा असतो, म्हणून मिसळलेल्या नमुन्यातही कोण किती वाट्याला आहे ते कळतं. एकूण अंडी किती, ते मात्र यातून कळत नाही. मोजणी वेगळी करावीच लागते.

माझी एक फजिती सांगतो. पट्टणकोडोलीकडच्या एका कळपाच्या लेंड्या मी शनिवारी फ्रिजमध्ये ठेवल्या आणि सोमवारी त्यातल्या अंड्यांतून अळ्या वाढवायला लावल्या, कारण अळीवरून जंत ओळखता येतो. आठ दिवसांनी हिमोंकस नावालाच. त्याच लेंड्यांतला थोडा भाग अल्कोहोलमध्ये होता, त्याच्या डीएनएत बघतो तर हिमोंकसच हिमोंकस! गारठ्यात त्याची अंडी मरतात, बाकीच्यांची तगतात. म्हणजे फ्रिजनं माझा रिपोर्ट फिरवला होता.

तुम्ही लगेच डीएनएच्या मागं लागू नका. जंताचं औषध देण्याआधी अंडी मोजून घ्या आणि १४ दिवसांनी पुन्हा मोजा. घट ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर औषध लागू पडत नाही असं समजा. तेव्हा उरलेल्या अंड्यांचा डीएनए बघण्यात अर्थ आहे: तगलं कोण, आणि अल्बेंडाझोल हे जंताचं औषध चुकवणारा बीटा-ट्युब्युलिन जनुकातला बदल त्याच्यात आहे का. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. लेंडी जमिनीवरची नको, थेट गुदद्वारातून काढलेली घ्या. डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवा, फॉर्मालिनमध्ये अजिबात नको.

आणि आज संध्याकाळी शेळ्या गोठ्यात आल्या की प्रत्येकीची खालची पापणी ओढून बघा. आतून पांढरी फटक दिसली तर कुठल्याच रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना बोलवा.