सदाशिव पेठेत अभ्यासाला नव्याने आलेल्या तुला

"नापास झालो तर गावी काय तोंड दाखवू?" ही भीती तुला पहाटे चारला उठवते, हे मला ठाऊक आहे. माझीही पहिली दोन वर्षं तिच्याच जोरावर गेली. पण परीक्षेच्या हॉलमध्ये तीच उलटते. यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या पहिल्या पेपरात 100 प्रश्न, दोन तास आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश वजा. घाबरलेला माणूस दोन पर्याय बाद करूनही प्रश्न कोरा सोडतो. मी तेच केलं. म्हणून दर रविवारी वेळ लावून सराव पेपर सोडव आणि निव्वळ भीतीपोटी सोडलेल्या प्रश्नांवर खूण कर. आणि हो, मार्क कमी आले तरी त्याच संध्याकाळी आईला फोन करून खरं सांग.