वाचक विचारतात: लॅपटॉप, माईक आणि हॉलमधला बास

या वेळी होम थिएटर मोजण्यावरच इतके प्रश्न आलेत की बाकीचं सगळं पुढच्या अंकात ढकललंय. काही प्रश्न फार लांब होते, ते थोडे छाटून दिलेत.

प्रश्न: नमस्कार सर, आमच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर १५ बाय १२ ची खोली आहे, ५.१ स्पीकर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आणि एव्ही रिसीव्हर आहे, विंडोज लॅपटॉप आहे. रूम ईक्यू विझार्ड हा खोलीतला आवाज मोजायचा प्रोग्राम फुकट मिळतो असं कळलं, पण माईक कुठला घ्यायचा आणि जोडायचं कसं हे कुणी सलग सांगतच नाही. रिसीव्हरसोबत आलेला छोटा माईक चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तो रिसीव्हरचा माईक डब्यात परत ठेवा. तो त्या रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरसाठी बनवलेला असतो, त्याची करेक्शन फाईल (माईकच्या स्वतःच्या चुका सुधारणारी, हिलाच कॅलिब्रेशन फाईल म्हणतात) आपल्या हातात नसते, त्यामुळे लॅपटॉपला लावून जो ग्राफ येईल तो खोलीचा की माईकचा हे तुम्हाला कळणारच नाही. यूएसबी मेजरमेंट माईक घ्या, मिनीडीएसपीचा यूमिक-१ बहुतेक सगळे वापरतात आणि त्याचं कारण साधं आहे, प्रत्येक माईकचा सिरियल नंबर असतो आणि तो नंबर कंपनीच्या साईटवर टाकला की त्याच माईकची कॅलिब्रेशन फाईल मिळते. फाईल दोन असतात, एक माईक स्पीकरकडे तोंड करून धरल्यावरची आणि दुसरी ९० अंशांची, म्हणजे माईक सिलिंगकडे तोंड करून उभा ठेवल्यावरची. होम थिएटरला स्पीकर चारी बाजूंना असतात म्हणून माईक उभा ठेवायचा आणि ९० अंशांची फाईल लोड करायची. माईक उभा आणि फाईल सरळवाली, असं केलं की वरच्या फ्रिक्वेन्सी चुकीच्या दिसतात आणि मग माणूस चांगल्या ट्वीटरवर (वरचे सूर काढणाऱ्या छोट्या स्पीकरवर) संशय घेत बसतो. बासला मात्र दोन्ही फाईलींत काही फरक पडत नाही.

एक्सएलआरवाला (तीन पिनांच्या गोल प्लगचा) मेजरमेंट माईक असेल तर तोही चालतो पण मग ४८ व्होल्ट फँटम पॉवर (माईकला त्याच वायरमधून वीज) देणारा ऑडिओ इंटरफेस लागतो, नव्या माणसाने एवढ्या भानगडीत पडू नये असं माझं मत.

आता जोडणी. माईक लॅपटॉपच्या यूएसबीत, लॅपटॉपची एचडीएमआय रिसीव्हरच्या कुठल्याही इनपुटमध्ये. विंडोजच्या साऊंड सेटिंगमध्ये जाऊन माईकची लेव्हल १०० करा, एनहान्समेंट असतील त्या बंद करा, फॉरमॅट ४८००० हर्ट्झ ठेवा कारण यूमिक-१ तेवढ्यावरच चालतो, आणि एचडीएमआयच्या स्पीकर सेटअपमध्ये ५.१ निवडा. माईक लावल्यानंतरच प्रोग्राम उघडा, तो माईक ओळखून स्वतःच कॅलिब्रेशन फाईल मागतो, आणि त्या फाईलमध्ये माईकची सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते म्हणून वेगळा डेसिबल मीटर विकत घ्यायची गरज नाही.

विंडोजवर सगळे अडकतात ते पुढे. साध्या ड्रायव्हरवर बऱ्याचदा फक्त लेफ्ट आणि राईट मिळतात, तसं झालं तर सेंटर आणि सराऊंडला वेगळं मोजायला एसिओफॉरऑल नावाचा फुकट ड्रायव्हर टाकावा लागतो. प्रोग्रामच्या प्रेफरन्समध्ये ड्रायव्हर एसिओ करा, मग त्याचं कंट्रोल पॅनल उघडून यूमिक आणि एचडीएमआय दोन्ही चालू करा आणि बाकी सगळं, लॅपटॉपचे स्वतःचे स्पीकर आणि माईकसकट, बंद करा. ब्राउझरमध्ये कुठेतरी व्हिडिओ चालू राहिला असेल तर डिव्हाइस लाल दिसतं आणि मिळतच नाही, आधी तो बंद करा. नंतर चॅनल १ लेफ्ट, २ राईट, ३ सेंटर, ४ एलएफई (फक्त सबवूफरसाठीचा बासचा चॅनल) असे दिसतील, सराऊंडचे नंबर मात्र आवाज काढून कानाने खात्री करून घ्या. मॅक असेल तर हा वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

रिसीव्हरवर डायनॅमिक व्हॉल्यूम, नाईट मोड, लाउडनेस असलं जे काही आहे ते बंद. आवाज सगळ्या स्पीकरांत पसरवणारा अपमिक्सर पण बंद, नाहीतर तुम्ही लेफ्ट मोजताय असं समजाल आणि चार स्पीकर वाजत असतील. आणि प्युअर डायरेक्ट लावू नका, बऱ्याच रिसीव्हरवर त्यात बास मॅनेजमेंटच (खालचा आवाज सबवूफरकडे वळवणं) बंद होतं आणि सबवूफर गप्प बसतो.

माईक स्टँडवर, बसल्यावर जिथे डोकं येतं बरोबर तिथे, कानाच्या उंचीला. हातात धरून नाही, सोफ्याच्या पाठीला टेकवून तर नाहीच, उंच पाठीचा रिक्लायनर असेल तर पाठ खाली करा. व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून पिंक नॉईज (सगळ्या फ्रिक्वेन्सींचा एकत्र सरसर आवाज) लावा, हळूहळू ७५ डीबीपर्यंत आणा, मग स्वीप, म्हणजे खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा आवाज. २५६के लांबीचा स्वीप साधारण साडेपाच सेकंदांचा असतो, तेवढा वेळ पंखा, एसी बंद, आणि तुम्ही स्वतः माईकजवळ उभे राहू नका, प्रोग्राममध्ये सुरुवातीला काही सेकंद थांबायची सोय आहे ती वापरून खोलीच्या बाहेर जा. एका वेळी एकच स्पीकर मोजा आणि प्रत्येक मोजणीला लगेच नाव द्या, उद्या सगळ्या रेषा सारख्याच दिसतात.

प्रश्न: माईकवर खर्च करण्याऐवजी मोबाईल ॲपने काम भागेल ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर: दोन स्पीकरचा आवाज साधारण सारखा आहे का, एवढ्यापुरतं हो. फोनचा माईक बोलणं ऐकायला असतो, खालचा बास बऱ्याचदा कापलेला असतो आणि आवाज आपोआप वरखाली करणारी यंत्रणा मध्ये असते. आपल्याला मोजायचा असतो नेमका बास.

प्रश्न: दादा, डोंबिवलीत आमचा हॉल १६ बाय १० आहे, सोफा बरोबर मध्यावर आहे. ग्राफमध्ये ३५ हर्ट्झच्या आसपास मोठा खड्डा आणि ७० ला डोंगर येतोय. ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणाऱ्या सेटिंगने) ३५ ला ९ डीबी वाढवलं, खड्डा आहे तिथेच, उलट सब (सबवूफर) घरघरायला लागला. सब खराब आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सब चांगला आहे, बिचाऱ्यावर अन्याय होतोय. कॅल्क्युलेटर काढा, ५६५ ला खोलीच्या फुटांतल्या लांबीने भागा. ५६५ भागिले १६, आलं ना ३५ च्या पुढे? हा तुमच्या हॉलचा लांबीचा पहिला मोड. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, म्हणजे ११३० फुटांच्या आसपास जातो, आणि ज्या लाटेची अर्धी लांबी खोलीच्या लांबीएवढी असते ती दोन भिंतींमध्ये उभी राहते, भिंतींपाशी जोर सगळ्यात जास्त आणि बरोबर मध्यावर जवळपास शून्य. तुमचा सोफा आठ फुटांवर, म्हणजे त्या शून्यावरच. आणि दुप्पट फ्रिक्वेन्सीला, म्हणजे ७० ला, उलटं होतं, तिथे मध्यावर जोर असतो. तुमचा खड्डा आणि तुमचा डोंगर दोन्ही एकाच जागेमुळे आलेत, ग्राफ एकदम खरं बोलतोय.

आता ९ डीबी वाढवणं म्हणजे ॲम्प्लिफायरकडून जवळजवळ आठपट पॉवर मागणं. तुम्ही जेवढा आवाज आत ढकलाल तेवढाच भिंतीवरून उलटा येऊन त्या जागी खोडला जातो, त्यामुळे माईकला काहीच जास्त मिळत नाही, फक्त सबचा कोन जास्त हलतो आणि घरघरतो. ईक्यूने डोंगर कापता येतो, मोडचा खड्डा भरता येत नाही, हे कागदावर लिहून टीव्हीमागे चिकटवा.

सोफा मागे घ्या. समोरच्या भिंतीपासून दहा फुटांवर आणून परत मोजा, ३५ बराच वर येईल आणि ७० थोडा उतरेल. अगदी मागच्या भिंतीला चिकटवू नका, तिथे सगळेच मोड जोरात असतात आणि बास ढबढब होतो. हॉलमध्ये सोफा हलवणं म्हणजे घरात चर्चा होणार हे मला माहितीये, म्हणून आधी सोफा न हलवता फक्त माईकचा स्टँड एकेक फूट मागे सरकवत मोजा, चांगली जागा सापडली की मगच ग्राफ दाखवून विषय काढा. तेही जमत नसेल तर सबची जागा बदलून बघा, यासाठी उलटी युक्ती आहे, सब उचलून सोफ्यावर ठेवायचा आणि जिथे जिथे सब ठेवता येईल तिथे जमिनीलगत माईक ठेवून मोजत जायचं, जिथे रेष सगळ्यात कमी वेडीवाकडी तिथे सब.

ग्राफ बघताना १५ ते २०० हर्ट्झ आणि ४५ ते १०५ डीबी अशी स्केल ठेवा, बासला स्मूदिंग (रेष गुळगुळीत करणं) लावू नका. साध्या घरगुती खोलीत साधारण २०० हर्ट्झच्या खाली खोलीचं राज्य असतं, त्याच्या वर स्पीकरचं. वरच्या भागात एकाच जागी मोजलेले बारीक काटे ईक्यूने सपाट करत बसलात तर डोकं चार बोटं हललं की सगळं बदलतं, म्हणून तिकडे १/६ स्मूदिंग लावून फक्त एकूण कल बघायचा.

प्रश्न: चॅनल ४ वरून सब मोजला तर तो बाकी स्पीकरपेक्षा १० डीबी वर दिसतो. रिसीव्हरचं ऑटो कॅलिब्रेशन चुकलं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नाही चुकलं. एलएफई चॅनल सिनेमाच्या पद्धतीप्रमाणे १० डीबी जास्तच वाजवायचा असतो. लेव्हल कमी करू नका. सब बाकीच्यांशी जुळतोय का हे बघायचं तर लेफ्ट चॅनलवरून मोजा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झला असेल तर खालचा भाग आपोआप सबकडे जातो आणि दोघांची खरी बेरीज दिसते.

प्रश्न: रिसीव्हरने सबचं अंतर पाच मीटर धरलंय, टेपने मोजलं तर जेमतेम तीन. मी तीन करून टाकलं, बरोबर ना?
— एक वाचक, सांगली

उत्तर: परत पाच करा! सबच्या आत स्वतःचं सर्किट असतं, फिल्टर असतो, त्यात आवाजाला काही मिलिसेकंद उशीर होतो, आणि रिसीव्हरच्या भाषेत एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटीमीटर. त्याने अंतर नाही, उशीर मोजलाय. त्यावर हात फिरवायचाच असेल तर लेफ्ट अधिक सब एकत्र मोजा, अंतर थोडं थोडं बदलत परत परत मोजा आणि ८० च्या आजूबाजूला रेष जिथे सगळ्यात भरलेली दिसेल तिथे थांबा. नुसता सब आणि नुसता लेफ्ट यांच्या वेळा ताडून बघायच्या असतील तर अकूस्टिक टायमिंग रेफरन्स चालू करा, यूएसबी माईकला वेळेचा दुसरा आधार नसतो म्हणून प्रोग्राम आधी एका ठरलेल्या स्पीकरमधून बारीक चिर्र आवाज काढतो आणि त्यावरून वेळ धरतो.

प्रश्न: हॉल घुमतो. टाळी वाजवली की टर्रर्र असा आवाज येतो. अंड्याचे ट्रे लावू की जाड पडदे? गोधड्या भरपूर आहेत घरात.
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: टाइल्सची फरशी, प्लास्टरच्या भिंती, काचेची सरकती खिडकी, घुमणारच. तो टर्रर्र म्हणजे दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींमधला टेबल टेनिसचा खेळ, एका भिंतीवर पुस्तकांचं कपाट आलं तरी बराच मोडतो. मोजायचं असेल तर प्रोग्राममध्ये टी२० किंवा टी३० बघा, आवाज ६० डीबी खाली यायला किती वेळ लागेल याचा तो अंदाज असतो, होम थिएटरला ०.३ ते ०.४ सेकंदांच्या आसपास छान वाटतं. १८९५ मध्ये हार्वर्डच्या वॉलेस सॅबिनने हेच काम ऑर्गनची नळी आणि स्टॉपवॉच घेऊन, रात्री शांतता झाल्यावर, शेजारच्या थिएटरातल्या गाद्या आणून केलं होतं, तेव्हा तुमच्या गोधड्यांना मी हसणार नाही. फक्त गोधडी पातळ असते, ती वरचा आवाज पिते, खालचा तिच्यातून आरपार जातो. अंड्याचे ट्रे तेवढंही करत नाहीत आणि आग पकडतात, ते नको.

बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवत न्यायला सांगा, सोफ्यावर बसून आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे चार इंच जाड रॉकवूलचं (खनिज लोकरीचं), वरून कापड लावलेलं पॅनल लावा, स्पीकर आणि सोफ्यामध्ये जाड गालिचा टाका, मग परत मोजा. सगळ्या भिंती फोमने मढवू नका, वरचा आवाज मरतो आणि खालचा घुमत राहतो, ते आधीपेक्षा वाईट.

प्रश्न: पुण्यात भावाकडे आहे तोच सब मी इथे घेतला. त्याच्याकडे घर हादरतं, माझ्या बेसमेंटमध्ये बास सुटसुटीत पण कमी वाटतो. वॉटरफॉल ग्राफ (आवाज किती वेळात विरतो ते दाखवणारा) पण माझा पटकन खाली येतो.
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर: भावाकडे काँक्रीट आणि विटा, बासला बाहेर जायला वाटच नाही, म्हणून तो आत साठतो आणि लांबतो. तुमच्याकडे लाकडी चौकटीवर जिप्सम बोर्ड असणार, ते बासबरोबर थोडं हलतं, थोडी ऊर्जा खातं आणि थोडी पलीकडे जाऊ देतं. खरं सांगू, तुमचा वॉटरफॉल हेवा वाटावा असा आहे. बास कमी वाटतो तर सबची लेव्हल ३ डीबी वाढवा, तुम्हाला ते परवडतं, भावाला नाही. आणि शांत खोलीत ग्राफवर ६० आणि १२० ला बारीक सुळके दिसले तर ती तिकडच्या विजेची हम, आपल्याकडे तीच ५० आणि १०० ला दिसते. बहुतेक वेळा लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते.

प्रश्न: मोजायला कुठली वेळ चांगली? आमच्या सोसायटीत दिवसा मिक्सर, रात्री तक्रारी.
— एक वाचक, चिंचवड

उत्तर: दुपारी दोन ते चार. फ्रीजचा कॉम्प्रेसर बंद पडेपर्यंत थांबा, मध्येच कुकरची शिट्टी झाली तर ती मोजणी सरळ पुसून टाका. गोंगाट कमी होतच नसेल तर आवाज वाढवण्याऐवजी स्वीप ५१२के करा, दुप्पट लांबीला गोंगाटाच्या मानाने साधारण ३ डीबी फायदा मिळतो आणि शेजाऱ्यांनाही काही वाटत नाही. सबचा स्वीप २०० हर्ट्झपर्यंतच लावा. त्यात खिडकीची ग्रिल किंवा शोकेसची काच थरथरली तर कुठल्या फ्रिक्वेन्सीला थरथरते ते लिहून ठेवा आणि तिथे रबराची पट्टी लावा.