सतराव्या शतकात अमेरिकेत आलेल्या माणसाचं कुटुंब नुसत्या कोर्टाच्या आणि जमिनीच्या कागदांवरून सापडतं का?

हो, सापडतं. तुम्ही विचारलंय की अमेरिकेची पहिली जनगणनाच १७९० ची, त्याआधीच्या जन्ममृत्यूच्या नोंदी धड नाहीत, मग १६५० च्या आसपासच्या एखाद्या साध्या शेतकऱ्याचं घर लोक शोधतात तरी कुठून. मी मेरीलँडमध्ये राहतो आणि सुट्टीच्या दिवशी हेच कागद वाचत बसतो, त्यामुळे एक खरं उदाहरण धरूनच सांगतो, अँथनी जॉन्सनचं.

पहिली गोष्ट, नावाच्या मागे लागण्याआधी जमिनीच्या मागे लागा. नावाचं स्पेलिंग कारकुनागणिक बदलतं, जमीन जिथल्या तिथे असते आणि ती कुणाची कुणाकडे गेली हे कुठेतरी लिहिलेलं असतंच, आपल्याकडे जुने फेरफार काढले की एकेक वारस बाहेर येतो ना, तसंच.

तर अँथनी. मूळचा बहुतेक अंगोलाचा, धरून आणलेला माणूस. १६२५ च्या व्हर्जिनियाच्या शिरगणतीत एका मळ्यावर 'अँटोनियो' नावाचा आफ्रिकन दिसतो, १६२१ ला 'जेम्स' जहाजातून आलेला, आणि त्याच मळ्यावर १६२२ ला आलेली मेरी, जी पुढे अँथनीची बायको म्हणून दिसते. आडनाव नाही, वय नाही. मग बरीच वर्षं जवळजवळ काहीच नाही आणि १६५१ ला एकदम व्हर्जिनियाच्याच नॉर्थॅम्प्टन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) अँथनी जॉन्सनच्या नावावर २५० एकर. आता हाच तो अँटोनियो कशावरून? इथे कोर्ट कामाला येतं. १६५३ च्या फेब्रुवारीत आगीत यांचं मोठं नुकसान झालं म्हणून त्यांनी काउंटी कोर्टात अर्ज केला, कोर्टाने मेरीला आणि दोन मुलींना जन्मभरासाठी कर माफ केला आणि त्याच आदेशात लिहिलं की हे लोक व्हर्जिनियात तीस वर्षांहून जास्त राहताहेत. १६५३ मधून ३० वजा करा, बरोब्बर त्या शिरगणतीच्या काळात जाऊन पोचता. तरी हा अंदाजच, पण भक्कम अंदाज, आणि लिहिताना तो अंदाज म्हणूनच लिहावा.

यात अजून एक बघा. बायकांना कर माफ करायची वेळ का आली? कारण व्हर्जिनियात १६४३ पासून आफ्रिकन बायकांवर डोईपट्टी होती, घर सांभाळणाऱ्या गोऱ्या बायकांवर नव्हती. कायदा सरळसरळ अन्यायाचा, पण त्याच्यामुळेच या घरात मुली होत्या हे आपल्याला कळतं. मुलींची नावं मात्र कोर्टाने लिहिली नाहीत, दर वेळी ते पान वाचताना मला त्याचं वाईट वाटतं.

मग जॉन केसरचा खटला. हा अँथनीकडे राबणारा माणूस, त्याचं म्हणणं की मी सात-आठ वर्षांच्या करारावर आलो होतो आणि मुदत कधीच संपली. तो शेजारच्या एका जमीनदाराकडे गेला, अँथनीने आधी जाऊ दिलं, मग दावा लावला आणि १६५५ च्या मार्चमध्ये कोर्टाने केसरला परत अँथनीच्या ताब्यात दिलं. केसरच्या वाट्याला काय आलं ते वाचवत नाही. पण वंशावळ काढणाऱ्याने निकालावर थांबू नये, साक्षी वाचाव्यात. एका साक्षीत येतं की अँथनीला त्याच्या जावयाने, बायकोने आणि दोन मुलांनी समजावलं की याला सोडून दे. म्हणजे मुलगे दोन, आणि निदान एका मुलीचं लग्न झालेलं! ही माहिती द्यायला कोणी बसलं नव्हतं, सहज बोलण्यात आली म्हणून तर ती जास्त विश्वासाची.

आता जमिनीचा हिशोब. १६६५ च्या सुमारास हे कुटुंब उठून मेरीलँडमध्ये गेलं. २५० पैकी २०० एकर दुसऱ्यांना दिली, उरलेली ५० रिचर्ड नावाच्या मुलाला. मेरीलँडमध्ये, आताच्या सॉमरसेट काउंटीत, ३०० एकर भाड्याने घेतली, तिचं नाव 'टोनीज व्हिनयार्ड'. मेरीलँडमध्ये प्रत्येक जमिनीला नाव असायचं आणि शोधणाऱ्यासाठी ही मोठीच सोय. अँथनी वारला, आणि १६७० मध्ये व्हर्जिनियाच्या ज्युरीने ठरवलं की तो आफ्रिकन म्हणजे परका, तेव्हा तिथली जमीन राजाकडे जमा करता येते. मुलाला दिलेली ५० एकर अशी गेली. इकडे मेरीने भाडेपट्टा नव्याने ९९ वर्षांचा करून घेतला, आणि १६७७ मध्ये जॉन नावाच्या नातवाने ४४ एकर घेतली, नाव ठेवलं 'अंगोला'. आजोबा कुठून आले हे कुठल्याही दाखल्यात नाही, ते नातवाच्या शेताच्या नावात आहे!

काही खाचखळगे. त्या वेळी इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, ते थेट १७५२ पर्यंत, म्हणून तो आगीनंतरचा आदेश कागदावर १६५२ चा दिसतो आणि आपल्या हिशोबाने १६५३ चा. काउंट्याही फुटतात, १६६३ ला नॉर्थॅम्प्टनमधून अ‍ॅकोमॅक वेगळी झाली, शेत तिथेच पण दफ्तर बदललं. आणि तेव्हा खर्च करून माणूस आणला की माणशी ५० एकर मिळायची, म्हणून जमिनीच्या पट्ट्यावर (सरकारी सनदेवर) अशा आणलेल्या माणसांची नावं असतात, पण ती सगळी त्याच वर्षी आली असं धरू नका, ते हक्क विकत मिळायचे. अँथनीच्या पट्ट्यावर पाच नावं आहेत आणि त्यात एक रिचर्ड जॉन्सन, म्हणजे मुलाचंच नाव. आपल्या लोकांसाठी म्हणून सांगतो, १६३५ च्या अशाच एका यादीत 'टोनी, ईस्ट इंडियन' असं नाव आहे, तो हिंदुस्थानच्या बाजूचा असावा असं मानतात.

सुरुवात करायची तर लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचे जमिनीचे पट्टे ऑनलाइन आहेत, तिथे आडनाव टाका, स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी बदलून बघा. नॉर्थॅम्प्टनचे कोर्टाचे कागद १६३२ पासून सलग टिकलेत, मेरीलँडच्या बाजूचे मेरीलँड स्टेट अर्काइव्ह्जमध्ये. पट्टा मिळाला की एकरांची बेरीज-वजाबाकी मांडा, आणि जो तुकडा हिशोबात बसत नाही तिथे आधी जावई शोधा, मग विधवेचं दुसरं लग्न. तुमच्या माणसाची काउंटी माहीत असेल तर खाली लिहा, कुठलं दफ्तर आधी उघडायचं ते सांगतो.