काटा हलत नाही, खरखर थांबत नाही

रेडिओचा डायल फिरवला की खरखर येते, पावसाळ्यात तर जास्तच. व्हॉल्यूम कंट्रोल बदलूनही फरक नाही. (खानापूर)

व्हॉल्यूम कंट्रोल बिचारा उगाच बदलला गेला. डायल फिरवतानाच आवाज येतो ना, मग दोष गँग कंडेन्सरमध्ये, म्हणजे डायलबरोबर फिरून स्टेशन पकडणाऱ्या पत्र्यांच्या जुडग्यात. आधी कान देऊन ऐका. एकाच ठरावीक जागी 'कर्र' होत असेल तर तिथे पत्र्या एकमेकींना टेकतात. डायलभर खरखर असेल तर फिरत्या दांड्याला टेकणाऱ्या स्प्रिंगवर मळ चढलाय. खानापूरच्या पावसात तो चढणारच. प्लग काढा, पत्र्यांमधली धूळ मऊ ब्रशनं झाडा, स्प्रिंगवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब सोडा आणि दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवा. पत्र्यांना तेल नको, धूळ चिकटते. बाहेरच्या पत्रीला खाचा पाडून थोडं वाकवलेलं दिसेल. ते ट्यूनिंग जुळवण्यासाठी मुद्दाम केलेलं असतं, सरळ करायला जाऊ नका.

बटण फिरतं, काटा हलत नाही. (निपाणी)

स्टेशन बदलतं का? बदलत असेल तर काटा त्याला ओढणाऱ्या दोरीवरून सुटलाय, एवढंच. बदलत नसेल तर दोरी घसरते किंवा तुटली. घसरणारीला बटणाच्या दांड्यावर चिमूटभर राळ पुरते. तुटली असेल तर उरलेल्या वेढ्यांचा आधी मोबाइलवर फोटो काढा, मगच हात घाला. शिवणाचा दोरा ताणतो, बारीक विणलेली डायल दोरीच आणा. काटा बसवताना मिडियम वेव्हवर धारवाड 765 आणि सांगली 1251 किलोहर्ट्‌झ, या दोन खुणा धरा. डायलवर किलोहर्ट्‌झऐवजी मीटर, म्हणजे तरंगलांबी, असेल तर साधारण 392 आणि 240. एकाच स्टेशनवर जुळवलं तर दुसऱ्या टोकाला काटा चुकू शकतो.

आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ 30 वर्षं माळ्यावर होता. लावून बघू का? (शहापूर, बेळगाव)

नको! इतक्या वर्षांत आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर खराब झालेले असतात; शॉर्ट झाले तर ट्रान्सफॉर्मरही जळतो. काही सेटांना ट्रान्सफॉर्मर नसतोच, त्यांच्या चेसिसलाच, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्यालाच, मेनचा करंट येऊ शकतो. जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. तो आधी बल्ब सिरीजमध्ये लावून बघेल, म्हणजे आत शॉर्ट असला तरी जास्त करंट जात नाही.

तोवर पेटी पुसा. डायलची काच मात्र फक्त समोरून, ओलसर फडक्यानं. अक्षरं मागच्या बाजूला छापलेली असतात. मी एकदा मागून स्पिरिट फिरवलं आणि 'सिलोन' कापसावर उतरलं.

रात्री सातनंतर घूं घूं आवाज येतो. (चिकोडी)

घरातले एलईडी दिवे एकेक करून बंद करा. कोणता बोलतोय ते लगेच कळेल.