थांबलेले टेबल का थरथरते?

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रिलिंगच्या टेबलाला सर्व्हो मोटर (स्वतःची स्थिती तपासत फिरणारी मोटर) आणि 5 मिलिमीटर पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात टेबल 5 मिलिमीटर सरकवणारा बॉल स्क्रू बसवला आहे. मोटरचे फिरणे मोजणारा एन्कोडर एका फेऱ्यात 10,000 काउंट देतो, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनची अचूकता मिळायला हवी. प्रत्यक्षात टेबल थांबल्यावरही थरथरते, गेन (त्रुटी दिसताच मोटर किती जोराने ती भरून काढते, ते सेटिंग) वाढवला की मोटर किंचाळते आणि दुपारपर्यंत टोकाकडच्या भोकांच्या अंतरात तीसेक मायक्रॉनचा फरक पडतो. काय करावे?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : तो अर्धा मायक्रॉन मोटरच्या शाफ्टचा आहे, टेबलाचा नव्हे. मध्ये कपलिंग (मोटर व स्क्रू यांना जोडणारा भाग), बेअरिंग, स्क्रू आणि नट येतात, आणि त्यांतील ढिलाईचा कंट्रोलरला पत्ताच लागत नाही. म्हणून सेटिंगला हात लावण्यापूर्वी स्पिंडल बंद करून, गेन कमी ठेवून टेबलाला डायल गेज (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावा आणि टेबल दोन्ही बाजूंना हाताने ढकलून पाहा. काटा सरकून तिथेच राहिला, तर बॅकलॅश, म्हणजे जोडांतली मोकळी जागा आहे, आणि ती नटात असेल तर प्रीलोड असलेल्या (आतून आधीच दाबून घट्ट केलेल्या) नटानेच जाईल.

थरथरीचे कारण बहुधा घर्षण आणि इंटिग्रल (कंट्रोलरमधला, त्रुटी साठवून जोर वाढवत नेणारा भाग) यांच्या झगड्यात आहे. टेबल इष्ट जागेच्या किंचित अलीकडे अडकते, इंटिग्रल उरलेली त्रुटी साठवत जातो, जोर पुरेसा झाला की टेबल झटक्याने पुढे निघून जाते आणि हेच उलट दिशेने सुरू होते. आधी टेबल ज्यांवर सरकते त्या गाईडचे वंगण तपासा, मग इंटिग्रल कमी करा.

किंचाळणे हा कपलिंग व स्क्रूच्या पिळाचा अनुनाद, म्हणजे ठरावीक वारंवारतेला वाढत जाणारे कंपन असते. वेगाचा लूप (मोजून सतत दुरुस्ती करणारे चक्र) आधी बसवावा आणि स्थितीचा लूप त्याहून बराच संथ ठेवावा. तेवढीच वारंवारता दाबणारा नॉच फिल्टर उपयोगी आहे, पण भार बदलला की वारंवारताही सरकते, म्हणून घट्ट कपलिंग मला अधिक भरवशाचे वाटते.

दुपारच्या फरकासाठी सोलापूरच्या उन्हाला सहसा दोष दिला जातो, परंतु बेड, स्क्रू आणि जॉब सारखेच तापले तर फारसे बिघडत नाही. घर्षणाने एकटा स्क्रू तापतो, तोच नडतो. पोलाद दर अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे 11 ते 12 मायक्रॉन वाढते, त्यामुळे अर्ध्या मीटरचा स्क्रू बेडपेक्षा 5 अंशांनी अधिक तापला की तुमचे 30 मायक्रॉन तिथेच सापडतात. यावर टेबलालाच लिनियर स्केल (टेबलाची जागा थेट मोजणारी पट्टी) लावणे हा खरा उपाय आहे. मात्र बॅकलॅश शिल्लक असताना स्केल लावल्यास तो लूपच्या आत येऊन थरथर वाढते, म्हणून नट आधी बदला आणि वेग मोटरच्या एन्कोडरवरून, तर स्थिती स्केलवरून घेण्याची सोय तुमच्या ड्राइव्हमध्ये (मोटर चालवणाऱ्या यंत्रणेत) आहे का, हे खरेदीपूर्वी विचारून घ्या.