चीनबाहेरच्या चिनी समाजात प्रॉटेस्टंट मिशनरी आधी का गेले?

मिशनरी थेट चीनमध्ये न जाता मलाक्का व पेनांग (दोन्ही आजच्या मलेशियात), बँकॉक येथील चिनी वस्त्यांत का गेले, असे आपण विचारले आहे. चीनमध्ये धर्मप्रचाराला बंदी होती, हे त्याचे मुख्य कारण. १८०७ मध्ये दक्षिण चीनमधील कँटन बंदरात पोहोचलेल्या रॉबर्ट मॉरिसन यांना तेथे टिकून राहण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीत दुभाष्याची नोकरी पत्करावी लागली आणि त्यांचे सहकारी विल्यम मिल्न यांना तर जवळच्या पोर्तुगीज वसाहतीत, मकावमध्येही, राहू दिले गेले नाही. म्हणून १८१५ मध्ये मिल्न यांनी मलाक्का येथे बस्तान बसवले. त्याच वर्षी त्यांनी चिनी भाषेत मासिक काढले, आणि त्याच्या छपाईसाठी लाकडी फळ्यांवर अक्षरे कोरणारे कारागीर लियांग फा यांनी १८१६ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतला. पुढे याच लियांग फा यांची धर्मपुस्तिका चिनी राजवटीविरुद्धच्या थायपिंग बंडाचा (१८५०-६४) नेता होंग श्यूछुआन याच्या हाती पडली.

मला या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते ते छपाईचे काम. १८२७ मध्ये पेनांगला आलेल्या सॅम्युएल डायर यांनी चिनी ग्रंथांतील कोणती अक्षरे किती वेळा येतात हे मोजून काढले, कारण हजारो अक्षरांपैकी कोणत्या अक्षराचे किती खिळे (छपाईसाठी धातूत ओतलेली सुटी अक्षरे) ओतायचे हे ठरवल्याशिवाय धातूच्या खिळ्यांनी चिनी मजकूर जुळवणे परवडणारे नव्हते. मग त्यांनी खिळ्यांचे साचे बनवण्यासाठी एकेका अक्षराचा पोलादी ठसा कोरवून घेण्यास सुरुवात केली.

तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की मिशन संस्थांनी या स्थलांतरितांकडे चीनच्या उंबरठ्यावरचे लोक म्हणूनच पाहिले. ब्रिटन व चीन यांच्यातील १८४२ च्या नानकिंग तहाने चीनची बंदरे खुली होताच त्यांनी आपले बळ तिकडे वळवले. मलाक्का येथील मिशनचे अँग्लो-चायनीज कॉलेजही त्याचे प्रमुख, मिशनरी जेम्स लेग यांनी १८४३ मध्ये हाँगकाँगला हलवले. जे व्यापारी, मजूर आणि त्यांची मुले मागे राहिली, त्यांच्यावर हा अन्यायच होता. बँकॉकमध्ये मात्र अमेरिकेच्या बॅप्टिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे मिशनरी विल्यम डीन यांनी १८३७ मध्ये स्थापन केलेली चिनी ख्रिस्ती मंडळी (चर्च), ते स्वतः १८४२ मध्ये हाँगकाँगला गेल्यानंतरही टिकली आणि मैत्रीचित चर्च या नावाने आजही भरते.