दाताचा टवका उडाला, पण दुखत नाही : थांबले तर चालेल का?

दंतारोग्य : वाचकांचे प्रश्न आणि दंतवैद्यांची उत्तरे

प्रश्न : माझा मुलगा 9 वर्षांचा आहे. चार दिवसांपूर्वी शाळेच्या मैदानावर कबड्डी खेळताना तो तोंडावर आपटला आणि वरच्या पुढच्या दाताचा कोपरा तिरका तुटला. ओठातून थोडे रक्त आले, दातातून आले नाही. पहिल्या दिवशी थंड पाणी पिताना त्याला कळ येत होती, आता तीही कमी झाली आहे. घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे असे की, दुखत नाही तर दाताला हात कशाला लावायचा, मुलगा मोठा झाला की एकदाच कॅप बसवून घेऊ. तुटलेला तुकडा मी कागदात गुंडाळून ठेवला आहे. सहामाही परीक्षा होऊन दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत थांबले तर चालेल का? — एक आई, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, थांबू नका. शक्य असेल तर उद्याच, आणि कोणत्याही परिस्थितीत याच आठवड्यात मुलाला दंतवैद्यांकडे घेऊन जा. परीक्षेचा एखादा पेपर बुडण्याची वेळ यात येणार नाही, कारण पहिली भेट बहुधा तासाभरात आटोपते. कॅप नंतर बसवू, हा वडीलधाऱ्यांचा विचार चुकीचा नाही. या वयात दाताच्या आतली पोकळी मोठी असते आणि हिरडीची कडही अजून स्थिरावलेली नसते, त्यामुळे आम्हीसुद्धा इतक्या लहान मुलाला कायमची कॅप सहसा बसवत नाही. मात्र कॅप लांबवणे आणि उपचार लांबवणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

वरचे पटाशीचे दोन मधले दात साधारण 7 ते 8 व्या वर्षी येतात, म्हणजे तुमच्या मुलाचा तुटलेला दात दुधाचा नसून कायमचा आहे. दात तोंडात दिसू लागला तरी त्याचे मूळ तेव्हा पूर्ण झालेले नसते. ते पूर्ण व्हायला पुढे साधारण तीन वर्षे लागतात. म्हणजे आज या मुलाच्या दाताचे मूळ टोकाशी उघडे आहे आणि त्याच्या भिंती पातळ आहेत. त्या भिंती जाड करण्याचे आणि टोक बंद करण्याचे काम दाताच्या आतला जिवंत भाग, म्हणजे ज्याला आपण नस म्हणतो तो पल्प, करत असतो. हा पल्प आता मेला तर मुळाची वाढ तिथेच थांबते, आणि पातळ भिंतींचा तो दात पुढे एखाद्या लहानशा धक्क्यानेही मुळाशी मोडू शकतो. प्रौढ माणसाच्या दातातला पल्प गेला तर रूट कॅनाल करून दात चांगला टिकवता येतो. नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती वाट बरीच अवघड आणि लांबची असते. म्हणून कोपरा कसा दिसतो यापेक्षा पल्प जिवंत राहतो की नाही, ही आमची पहिली काळजी असते.

दात फक्त कोपऱ्याला तुटला तर आतल्या पल्पला धोका कसा पोहोचतो, असा प्रश्न साहजिक आहे. दाताचे बाहेरचे कवच, एनॅमल, हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे 96 टक्के भाग खनिजांचा असतो. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे तुटलेले एनॅमल हाडासारखे पुन्हा भरून येत नाही. त्याच्या खाली पिवळसर डेंटिन असते, आणि त्यात प्रत्येक चौरस मिलिमीटरमध्ये हजारो सूक्ष्म नलिका असतात, ज्या थेट पल्पपर्यंत जातात. लहान मुलांमध्ये या नलिका अधिक रुंद असतात. थंड पाण्याने कळ आली, याचा अर्थ त्या नलिकांमधला द्रव हलला आणि आतल्या नसांना ते जाणवले, म्हणजेच डेंटिन उघडे पडले आहे. ज्या वाटेने कळ आत जाते त्याच वाटेने लाळेतले जंतू आणि त्यांचे विषारी पदार्थही आत जातात.

आता कळ कमी झाली, हे चांगले लक्षण असू शकते, कारण पल्प कधी कधी स्वतःला सावरतो. मात्र पल्प हळूहळू मरू लागला तरीही कळ अशीच कमी होते. या दोहोंतला फरक घरी आरशात पाहून कोणालाच कळणार नाही, दंतवैद्याच्या घरच्यांनाही नाही. दुखणे थांबले म्हणून निर्धास्त राहिलेल्या मुलांचे दात काही महिन्यांनी करडे पडतात किंवा वर हिरडीवर पुवाची पुटकुळी येते, आणि तेव्हा वाचवण्यासारखे फारसे काही उरलेले नसते.

तुटलेल्या जागेकडे उजेडात नीट पाहा. फक्त पांढऱ्या कवचाचा टवका गेला असेल तर धोका सर्वांत कमी असतो. मध्ये पिवळसर भाग दिसत असेल तर ती जागा लवकर झाकली पाहिजे. आणि मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढा जरी गुलाबी किंवा लाल ठिपका दिसला, तर पल्प उघडा पडला आहे असे समजून त्याच दिवशी निघा. अशा वेळीही निराश होण्याचे कारण नाही. स्वीडनमधील दंतवैद्य मिओमिर त्स्वेक यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अपघाताने उघडा पडलेला पल्प वरवर सुमारे 2 मिलिमीटर काढून त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड हे औषध ठेवल्यावर 60 दातांपैकी 96 टक्के दात बरे झाले, आणि त्यांतले काही दात अपघातानंतर बऱ्याच दिवसांनी उपचाराला आलेले होते. तुमचे चार दिवस गेले म्हणून सगळे संपले, असे मुळीच नाही. पाचवा, सहावा आणि विसावा दिवस मात्र विनाकारण घालवू नये.

तुकडा जपून ठेवलात हे फार चांगले केले. तो कागदातून काढून स्वच्छ पाण्यात किंवा सलाइनमध्ये ठेवा आणि सोबत घेऊन जा. कोरडा पडलेला तुकडा चिकटवण्याआधी निदान 20 मिनिटे भिजवावा लागतो, ते काम दवाखान्यातही करता येते. तुकडा नीट जुळत असेल तर दातावर फॉस्फोरिक आम्लाने सूक्ष्म खडबडीतपणा आणून तो परत चिकटवतात. ही पद्धत ज्या शोधावर उभी आहे तो 1955 सालचा आहे, म्हणजे ती आता चांगलीच रुळलेली आहे. तुकडा बसत नसेल तर कंपोझिटने, म्हणजे दात भरण्याच्या दाताच्याच रंगाच्या मिश्रणाने, कोपरा तयार करतात. बाजारात मिळणाऱ्या गोंदाने घरी तुकडा चिकटवण्याचा प्रयत्न कृपा करून कोणीही करू नये. आणखी एक सूचना आवर्जून करतो, कारण आपल्याकडे दाताचे काहीही बिनसले की पहिला हात लवंगेच्या तेलाकडे जातो. लवंगेतील युजेनॉलमुळे कंपोझिट नीट घट्ट होत नाही, शिवाय शुद्ध तेलाने ओठ आणि हिरडी भाजू शकते. तेव्हा या दाताला लवंगेचे तेल लावू नका. फार दुखले तर मुलाच्या वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल पुरते.

डॉक्टर एक्स-रे काढतील, दात हलतो का आणि शेजारच्या दातांनाही मार बसला आहे का, हे पाहतील. ओठ फाटलेला असताना तुटलेला तुकडा सापडत नसेल, तर ओठाचाही एक्स-रे काढावा लागतो, कारण तुकडा कधी कधी ओठातच रुतून बसतो आणि जखम वरून भरून येते. तुमच्याकडे तुकडा पूर्ण असेल तर ही चिंता उरणार नाही. पल्पची तपासणी करताना दाताने प्रतिसाद दिला नाही, तर घाबरू नका. मार बसलेला दात तीन महिन्यांपर्यंतही गप्प राहू शकतो आणि पुढे पुन्हा प्रतिसाद देऊ लागतो. म्हणून केवळ एका तपासणीवरून लगेच रूट कॅनाल करा असा सल्ला मिळाला, तर ‘मुळाचे टोक उघडे आहे का आणि पल्प वाचवण्याचा काही मार्ग आहे का’ हे दोन प्रश्न शांतपणे विचारा. पालकांनी असे विचारण्यात काहीही गैर नाही. नंतर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी आणि पुन्हा एका वर्षाने तपासणी होते. या पुढच्या भेटी बहुतेक पालक टाळतात, आणि नेमक्या त्याच टाळू नयेत.

खर्चाची अडचण असलेल्या वाचकांसाठी सांगतो की, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत, मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात आणि गोव्यात बांबोळीच्या दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहेत.

प्रश्न : माझे वय 54 आहे. खालच्या दाढेत बऱ्याच वर्षांपूर्वी चांदी भरली होती. गेल्या महिन्यात सुपारी फोडताना त्या दाढेची एक बाजू निखळली. दुखत नाही, पण कड जिभेला लागून जखम झाली आहे. घास चावून सोडताना एखाद्या वेळी सणक येते. जीभ बरी झाली की जावे का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : कड तिथे असेपर्यंत जीभ बरी होणार नाही, म्हणून आधी जावे. मोठी चांदी भरलेल्या दाढेच्या भिंती वर्षानुवर्षे पातळ होत जातात आणि कठीण पदार्थावर जोर पडला की एखादी निखळते. तुम्ही सांगितलेली, दाब सोडतानाची सणक मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती बहुधा दाढेत भेग असल्याची खूण असते. भेग वरच्या भागापुरती असताना कॅप बसवली तर दाढ वाचते. ती मुळात खोल उतरली तर दाढ काढण्यावाचून इलाज राहत नाही, आणि रोजच्या चावण्याने ती खोल जातच असते. तोपर्यंत त्या बाजूने चावू नका. तुम्ही सुपारी खाता, म्हणून स्पष्ट लिहितो : सुपारी कर्करोगकारक आहे, आणि तंबाखूशिवाय खाल्ली तरी ती कर्करोगकारकच आहे. कड घासून गुळगुळीत केल्यावर दोन आठवड्यांत जिभेची जखम भरली नाही, तर ती पुन्हा दाखवा, वाट पाहू नका. सुपारी आजपासून सोडता आली तर दाढेपेक्षा मोठा लाभ होईल.

प्रश्न : मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे. खेळताना एखाद्या मुलाचा पूर्ण दातच बाहेर आला तर त्या क्षणी काय करावे? — एक शिक्षक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मूल बेशुद्ध झाले असेल, उलट्या करत असेल किंवा गोंधळल्यासारखे बोलत असेल, तर दात बाजूला ठेवून आधी रुग्णालय गाठा. तसे नसेल तर दात शोधा आणि पांढऱ्या बाजूने धरा; मुळाला बोट लावू नका, ते घासू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा सलाइनमध्ये हलके विसळा, आणि कायमचा दात असेल तर त्याच खाचेत सरळ बसवून मुलाला स्वच्छ रुमाल दाताखाली धरायला सांगा. हे जमत नसेल तर दात थंड दुधात ठेवा, पाण्यात नको, कोरड्या कागदात तर नकोच, आणि तासाभराच्या आत दंतवैद्यांकडे पोहोचा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये, त्याने खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. तरीही मुलाला तपासून घ्यावेच. शाळेपासून जवळच्या दवाखान्याचा दूरध्वनी क्रमांक आणि त्याची वेळ आजच क्रीडासाहित्याच्या खोलीत लावून ठेवा, आणि ज्या मुलांचे वरचे दात पुढे आलेले आहेत त्यांच्या पालकांना मैदानावर माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे संरक्षक कवच, वापरण्याबद्दल आवर्जून सांगा, कारण अशा मुलांच्या दातांना इजा होण्याचा धोका अधिक असतो.